कुंचला कोणाच्या हाती?
टेबलावरच्या लहान युद्धांचे रंगकाम : एक वाचन

रंग न लागणारे युद्ध

१८२४ साली प्रशियाच्या तोफखान्यातल्या फॉन राइसविट्झ नावाच्या एका लेफ्टनंटने युद्धाच्या खेळाचे नियम छापले. त्याच्या वडिलांनी १८१२ मध्ये हा खेळ राजासाठी एका मोठ्या टेबलावर मांडून दाखवला होता. मुलाने तो टेबलावरून उतरवून नकाशावर आणला. १:८००० प्रमाणाचा नकाशा, फासे, अंतर मोजायची साधने आणि पलटणींच्या जागी लहान ठोकळे, एका बाजूचे लाल आणि दुसऱ्या बाजूचे निळे, एवढाच सरंजाम. वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना खेळ पटला आणि 'क्रीगश्पील' प्रशियाच्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणात रुजला. पुढे इतर देशांच्या लष्करांनीही तो उचलला. या खेळातल्या शिपायाला चेहरा नाही, टोपी नाही, मिशा नाहीत. खऱ्या युद्धाची तयारी करणाऱ्यांना त्यांची गरज भासली नाही. ठोकळा कुठे उभा आहे, किती सरकेल आणि किती मार सोसेल, एवढे कळले की त्यांचे काम भागत होते.

आता दुसरे चित्र पाहा. आजच्या इंग्लंड-अमेरिकेतल्या हजारो घरांत रात्रीची जेवणे उरकली की टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरले जाते. एका कपात कुंचला धुवायचे पाणी, टेबलावर वाकवलेला दिवा, आणि बाटलीच्या बुचावर चिकटवलेला सुमारे २८ मिलिमीटर उंचीचा एक सैनिक. वडील त्याच्या पट्ट्याचे बक्कल रंगवत आहेत आणि शेजारी बसलेली मुलगी दुसऱ्या सैनिकाच्या झग्याला निळा रंग देत आहे. असे पन्नास-शंभर सैनिक तयार होतील तेव्हा कुठे एक लढाई मांडता येईल. लढाई एका दुपारी संपेल. रंगकामाला मात्र महिने लागलेले असतील.

प्रशियाच्या अधिकाऱ्यांचा दाखला घेतला तर हे सारे श्रम फुकट आहेत. रंगाने सैनिक जोरात चालत नाही, त्याचा नेमही सुधारत नाही. मग रंग कशासाठी? युद्धखेळांविषयी मला जे वाचायला मिळाले त्यात नियमांचा इतिहास भरपूर आहे. रंगकाम तिथे येते ते तंत्र म्हणून, कुठला रंग आणि कुठला कुंचला एवढ्यापुरते. माझे म्हणणे असे की या छंदाचा नैतिक अर्थ नियमांत शोधून सापडणार नाही, तो रंगकामात आहे. आणि तो उमगण्यासाठी आधी विचारायला हवे की गेल्या दोनशे वर्षांत कुंचला नेमका कोणाच्या हाती होता.

बारा लाकडी शिपाई

सुरुवात रंगाने नव्हे, नावाने करावी लागते. जून १८२६ मध्ये यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावचे पाद्री पॅट्रिक ब्राँटी लीड्सहून परतले ते मुलासाठी बारा लाकडी शिपाई घेऊन. मुलगा ब्रॅनवेल तेव्हा नऊ वर्षांचा होत आला होता. दहा वर्षांच्या शार्लटने त्यातला सर्वांत देखणा शिपाई उचलला आणि तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन असल्याचे जाहीर केले. ब्रॅनवेलने आपल्या शिपायाला बोनापार्ट केले. एमिलीचा शिपाई गंभीर दिसत होता, म्हणून त्याचे नाव 'ग्रेव्ही' पडले. सर्वांत धाकट्या ॲनचा शिपाई तिच्यासारखाच चिमुकला होता, त्याला 'वेटिंग बॉय' म्हणू लागले. हा तपशील शार्लटने स्वतः तीन वर्षांनी लिहून ठेवला आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बारा शिपाई एका दुकानातले, एका खोक्यातले, बहुधा एकाच हाताने घडवलेले. त्यांना वेगळेपण मिळाले ते मुलांनी त्यांच्याकडे निरखून पाहिले म्हणून. एकाच्या चेहऱ्यात कोणाला गांभीर्य दिसले, दुसऱ्याच्या अंगलटीत कोणाला बावळेपण दिसले, आणि त्या दिसण्यातून स्वभाव तयार झाले. पुढे या शिपायांसाठी राज्ये वसली, 'ग्लास टाउन' आणि 'अँग्रिया' उभी राहिली, आणि शिपायांना हातात धरून वाचता येतील अशी काडेपेटीपेक्षाही लहान हस्तलिखित पुस्तके तयार झाली. 'जेन एअर' आणि 'वुदरिंग हाइट्स' लिहिणाऱ्या बहिणींची ही शाळा होती. खेळणे मुलासाठी आणले होते. त्यातून पुस्तके पिकवली ती मुख्यतः मुलींनी.

असाच दुसरा खेळ १८८०–८२ च्या हिवाळ्यांत स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला झाला. क्षयाने खंगलेला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आणि त्याचा सावत्र मुलगा लॉइड ऑसबोर्न यांनी माळ्याच्या जमिनीवर खडूने नकाशा आखला आणि त्यावर शिशाच्या सैनिकांची युद्धे आठवडेच्या आठवडे चालवली. लॉइडने हे सारे पुढे १८९८ मध्ये एका लेखात प्रसिद्ध केले. त्यातला सर्वांत रोचक भाग लढायांचा नाही, तर स्टीव्हन्सनने लिहिलेल्या खोट्या वर्तमानपत्रांचा आहे. काल्पनिक बातमीदार काल्पनिक सेनापतींवर टीका करतात, वर्तमानपत्रे एकमेकांना खोडून काढतात. बाप-मुलाने सैनिकांना रंग दिला नाही, पण बातमी दिली. हॉवर्थला नाव आणि दाव्होसला बातमी. दोन्हीकडे काम एकच झाले. साच्यातून निघालेल्या सारख्या आकृतीला कोणीतरी वेळ दिला, आणि त्या वेळाने ती आकृती कोणीतरी झाली.

वेल्सच्या पुस्तकात नसलेले प्रकरण

एच. जी. वेल्सची 'फ्लोअर गेम्स' (१९११) आणि 'लिटल वॉर्स' (१९१३) ही दोन पुस्तके घरगुती युद्धखेळाचा पाया मानली जातात. पहिल्या पुस्तकात तो आपल्या दोन मुलांबरोबर जमिनीवर बेटे, शहरे आणि आगगाड्या मांडतो. दुसऱ्यात फक्त युद्ध आहे. 'लिटल वॉर्स'ची जन्मकथा तो मजेत सांगतो. मुलांच्या पसाऱ्याने भरलेल्या खोलीत एक मित्र जेवायला आला होता. वेल्सने त्याची फक्त आद्याक्षरे दिली आहेत, जे. के. जे., म्हणजे 'थ्री मेन इन अ बोट'चा लेखक जेरोम, हे ओळखणे कठीण नाही. जेवण झाल्यावर या पाहुण्याने स्प्रिंगची खेळण्यातली तोफ उचलली, नेम धरला आणि एका सैनिकाला लोळवले. मग दोन मोठी माणसे इरेला पेटली.

पुस्तकाचे उपशीर्षक प्रसिद्ध आहे. खेळ बारा ते दीडशे वर्षे वयाच्या मुलग्यांसाठी असल्याचे त्यात म्हटले आहे, आणि मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या अधिक बुद्धिमान मुलींनाही परवानगी आहे. ही परवानगी देणाऱ्या वेल्सचे सैनिक कुठून येत होते?

ते येत होते लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यातून, ज्याला खेळण्यांच्या दुनियेत 'ब्रिटन्स' म्हणतात. १८९३ मध्ये या घराण्याने शिशाचे सैनिक पोकळ ओतण्याची युक्ती काढली. वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतायचा, साच्याला लागून असलेला थर गोठला की मधला पातळ धातू परत ओतून घ्यायचा. धातू कमी लागला, वजन घटले आणि जर्मनीहून येणाऱ्या भरीव सैनिकांपेक्षा हे सैनिक स्वस्त पडले. पण ओतलेला सैनिक करडा असतो. दुकानात मात्र तो लाल डगला, काळी टोपी, गुलाबी गाल आणि रेखलेल्या मिशा घेऊन उभा राही. हे रंगकाम यंत्राने होत नव्हते. ते मुख्यतः बायका करत, कोणी कारखान्यात बसून, कोणी खोकी घरी नेऊन, नगावर मजुरी घेऊन. ब्रिटन्सच्या यादीत बाँबे लान्सर्ससारखी हिंदी रिसालेही होती. म्हणजे मुंबई इलाख्यातल्या स्वाराचा वर्ण कोणता आणि त्याच्या फेट्याला कोणता रंग, हे लंडनमधली एखादी बाई नमुन्यावरून पाहून, दिवसाला किती नग झाले याचा हिशेब ठेवत, कुंचल्याच्या दोन फटकाऱ्यांत उमटवत होती.

'लिटल वॉर्स'मध्ये सहा प्रकरणे आणि एक परिशिष्ट आहे. उगमकथा आहे, नियम आहेत, 'हुक्स फार्म'च्या लढाईची सेनापतीच्या थाटात लिहिलेली कैफियत आहे, लष्करी 'क्रीगश्पील'शी तुलनाही आहे. रंगकामावर प्रकरण नाही. त्याची जरूरही नव्हती, कारण सैनिक रंगून आलेले असत. वेल्सच्या घरात सैनिकाची किंमत पैशात होती, वेळात नव्हती. हातघाईच्या नियमात हे स्पष्ट दिसते. दोन तुकड्या भिडल्या की एकास एक या हिशेबाने दोन्हीकडचे सैनिक काढून घ्यायचे. कोण पडला याला महत्त्व नाही, किती पडले याला आहे. लाल डगला असूनही हा सैनिक राइसविट्झच्या ठोकळ्यापासून फार दूर गेलेला नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण पुस्तकाच्या शेवटी वेल्स एक मोठा दावा करतो. लहान युद्ध काही वेळा खेळले की मोठे युद्ध हा किती भयंकर गोंधळ असतो ते आपोआप उमगते, म्हणून राजांना आणि सेनापतींना एका खोलीत कोंडून हाच खेळ द्यावा, असा त्याचा सूर आहे. युद्धखेळाचे समर्थन करणारे आजही हे पान पुढे करतात. पण पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९१४ मध्ये, खरे युद्ध सुरू झाले आणि याच वेल्सने त्याच्या बाजूने लेख लिहिले. त्यांचे पुस्तक झाले, 'द वॉर दॅट विल एंड वॉर'. युद्ध संपवणारे युद्ध ही कल्पना त्यानेच लोकांच्या तोंडी बसवली. त्याला ढोंगी ठरवायचे मला कारण दिसत नाही. त्याच्या खेळात जी गोष्ट नव्हती ती खेळातून शिकताही आली नाही, एवढेच म्हणायचे आहे. एका सैनिकाला उभा करायला काय लागते, हे खेळणाऱ्याला कधी कळलेच नव्हते. ते कळले असेल तर त्या रंगवणाऱ्या बाईला, आणि तिलाही ग्रोसच्या हिशेबात.

मिल आणि लाल शाई

रंगाने माणूसपण येते असे म्हणून थांबलो तर ते फार सोयीचे होईल. त्याला छेद देणारी एक कथा आहे, साकीची 'द टॉइज ऑफ पीस'. साकी १९१६ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला आणि या नावाचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्ये आला. कथेत मामा भाच्यांसाठी शांततेची खेळणी आणतो. सैनिकांऐवजी तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचा पुतळा, तोफेऐवजी नगरपालिकेची कचरापेटी, किल्ल्याऐवजी समाजकार्य करणाऱ्या संस्थेची इमारत. थोड्या वेळाने मामा दाराशी येऊन पाहतो तर कचरापेटीला तोफांसाठी भोके पडलेली आहेत आणि मिल लाल शाईत बुचकळून निघाला आहे. तो आता फ्रेंच सेनापती मार्शल साक्स झाला आहे.

या कथेचा नेहमीचा अर्थ असा लावतात की मुलांच्या रक्तातच युद्ध असते. मला तिच्यात शाई महत्त्वाची वाटते. मिलचा मार्शल होण्यासाठी आकृती बदलावी लागली नाही, रंग पुरला. नाव दिल्याने बाहुला वेलिंग्टन होतो, तर रंग दिल्याने तत्त्ववेत्ता सेनापती होतो. कुंचला चेहरा देतो, तसा तो गणवेशही चढवतो. म्हणून रंगवणे ही आपोआप सद्गुणी कृती ठरत नाही. फरक पडतो तो किती वेळ दिला आणि कशासाठी दिला याने. साकीच्या भाच्यांनी बाहुला बुचकळला. निरखून पाहायला त्यांना सवड नव्हती.

कुंचला घरी येतो

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९५९ पासून एअरफिक्स कंपनी प्लास्टिकचे चिमुकले सैनिक न रंगवता, खोक्यात भरून, मुलांच्या खाऊच्या पैशांत येतील अशा किमतीला विकू लागली. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन या साउदॅम्प्टनच्या फिजिओथेरपिस्टचे 'वॉर गेम्स' आले आणि हौशी खेळाडूंची एक पिढी तयार झाली. या मंडळींना नेपोलियनच्या एखाद्या विशिष्ट पलटणीचे शंभर सैनिक हवे असत. रंगवलेले तेवढे सैनिक घेणे कोणालाच परवडत नव्हते. लहान कारखाने न रंगवलेले धातूचे सैनिक पाठवू लागले. इकडे शिशाच्या विषारीपणाची काळजी आणि कायद्याचा रेटा वाढला, आणि १९६६ मध्ये ब्रिटन्सने शिशाचे पोकळ सैनिक बनवणे थांबवले. जे काम लंडनच्या बायका नगावर करत होत्या, ते आता बाप आणि मुले स्वयंपाकघराच्या टेबलावर, पदरचे पैसे घालून करू लागली.

याकडे दोन बाजूंनी पाहता येते. अर्थशास्त्राच्या भाषेत हा कारखानदाराचा फायदा आहे. सर्वांत वेळखाऊ आणि मजुरीचे काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातले आणि त्याला छंद हे नाव दिले. ही बाजू खोटी नाही. पण दुसरी बाजूही आहे. ज्याच्या हाती फासे होते त्याच्या हाती पहिल्यांदाच कुंचलाही आला. वेल्सला जे कळले नाही ते कळायची सोय झाली.

काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे सैनिकाच्या अंगावर एक बारीक रेघ उठते. ती सुरीने खरवडून काढतात. मग घराबाहेर नेऊन काळ्या किंवा पांढऱ्या प्रायमरचा फवारा मारतात. त्यावर मूळ रंग, तोही पातळ करून दोन हात. एकच जाड हात दिला तर चिलखताचे खिळे आणि कपड्याच्या चुण्या बुजून जातात. नंतर शाईसारखा पातळ गडद रंग सोडतात, तो खाचांत जाऊन बसतो आणि सावल्या आपोआप पडतात. मग जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून हलके फिरवतात, तिथे उजेड उमटतो. सगळ्यात शेवटी चेहरा. हा शेवटचा भाग आपल्याकडच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन आलेल्याला समजावून सांगावा लागणार नाही. तिथे डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती जाणत्या हाताकडेच सोपवतात. २८ मिलिमीटरच्या सैनिकाचा डोळा एक मिलिमीटरही भरत नाही. श्वास रोखून दिलेला एक पांढरा ठिपका आणि त्यात एक काळा. ठिपका जरा सरकला की शूर सरदार चकणा होतो आणि घरभर हशा पिकतो.

या कामात कुटुंब ज्या रीतीने एकत्र बसते ती खेळात शक्य नसते. खेळात दोन बाजू लागतात, एक हरतो. आठ वर्षांच्या मुलाशी खेळताना बापाला एक तर मुद्दाम हरावे लागते, नाही तर मुलाला रडवावे लागते. रंगकामात बाजू नाहीत. मोठ्याने डोळे काढावेत, लहानाने तळाच्या चकतीवर वाळू चिकटवून तपकिरी रंग द्यावा, आणि दोघांचे काम एकाच सैनिकावर राहावे. घरात जे माणूस खेळायला कधीच बसत नाही तेही रंगवायला बसते. बोलणे चालते, पण नजर हातातल्या कामावर असते. अवघड गोष्टी बोलायला ही बैठक चांगली, हे निवडणे-टिपणे करत बसलेल्या बायकांना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

आणि मग लढाईचा दिवस येतो. फासा पडतो, नियमपुस्तक सांगते की तीन गेले. कोणते तीन काढायचे हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. तो नकळत ज्यांच्यावर कमी वेळ खर्चला ते आधी उचलतो. मुलीने पहिल्यांदा रंगवलेला, डोळे चकणे झालेला सैनिक मागच्या रांगेत सुरक्षित राहतो. नियमांच्या दृष्टीने ही चूक असेल. माझ्या वाचनात या सबंध छंदातला हाच क्षण सर्वांत मोलाचा आहे. इथे संख्येला माणूस आडवा येतो.

दहा गुण

आजचा हा छंद बऱ्याच अंशी एका कंपनीभोवती फिरतो. १९७५ मध्ये लंडनमध्ये तीन मित्रांनी काढलेली गेम्स वर्कशॉप. १९७९ मध्ये तिच्या आधाराने 'सिटाडेल' हा धातूचे सैनिक ओतणारा कारखाना उभा राहिला, १९८३ मध्ये 'वॉरहॅमर' आला, १९८७ मध्ये त्याची दूरच्या भविष्यातली आवृत्ती 'वॉरहॅमर ४०,०००'. त्याच वर्षी कंपनीने रंगकामाची 'गोल्डन डेमन' ही स्पर्धा सुरू केली. नॉटिंगहॅमला मुख्यालय असलेली ही कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभरांत पोचली. ती सैनिक विकते, रंग विकते, कुंचले विकते, आणि रंगवावे कसे तेही शिकवते.

हे शिकवणे मनापासून आणि चांगले आहे यात शंका नाही. पण दोन गोष्टी खटकतात. २०२० मध्ये आलेल्या 'वॉरहॅमर ४०,०००'च्या नवव्या आवृत्तीत सामन्याच्या १०० गुणांपैकी १० गुण सगळे सैन्य ठरावीक दर्जापर्यंत रंगवलेले असण्यासाठी ठेवले गेले. म्हणजे जे काम नियमांच्या बाहेर होते, आणि बाहेर होते म्हणूनच मोकळे होते, ते नियमांत आले. आता ते न करणारा दहा गुणांनी मागे राहतो. न रंगवलेल्या खोक्यांच्या थप्पीला या छंदातली माणसे स्वतःच 'लाजेचा ढीग' म्हणतात. लाज वाटायची तर जास्त विकत घेतल्याची वाटावी. ती वाटते कमी रंगवल्याची. मजुरी गेली, पण नगाचा हिशेब परत आला.

दुसरी गोष्ट वेळाची. २०१९ मध्ये कंपनीने असा रंग बाजारात आणला की एका हातात मूळ रंग आणि सावली दोन्ही उमटतात. नोकरदार आई-बापांना आणि लहान मुलांना त्याचा खरोखर उपयोग होतो, त्याला नाके मुरडण्यात अर्थ नाही. पण या छंदाचे जे मोल मी वर सांगितले ते त्याच्या सावकाशीत होते. सावकाशी वजा केली की मिलला शाईत बुचकळण्यापासून आपण किती दूर राहतो, हा प्रश्न उरतो.

त्यातच या खेळाचे विश्व असे की त्यात युद्धाखेरीज काही शिल्लकच नाही. त्यातले मानवी साम्राज्य क्रूर, अंधश्रद्ध आणि परक्यांचा द्वेष करणारे दाखवले आहे. ते उपरोधाने रंगवले आहे हे कंपनीला नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे सांगावे लागले, आणि द्वेष पसरवणाऱ्यांना आपल्याकडे जागा नाही हेही बजावावे लागले. उपरोध समजावून सांगायची वेळ येते तेव्हा तो कुठेतरी निसटलेला असतो. त्या साम्राज्याच्या सर्वांत लोकप्रिय सैनिकांचे चेहरे बहुधा शिरस्त्राणात झाकलेले असतात. खोक्यात उघड्या डोक्याचा पर्याय असतो तेव्हा अनेक रंगवणारे तो निवडतात, डोळ्यांचे काम अवघड असूनही. कंपनीच्या कथेपेक्षा मला या निवडीवर जास्त भरवसा वाटतो.

आपला किल्ला

हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या अंगणात किंवा जिन्याखाली या दिवसांत एक किल्ला उभा असेल. दगड, विटा, माती, वर पोत्याचे ओले फडके, पेरलेले हळीव किंवा मोहरी, आणि त्यावर कुंभाराकडून आणलेली चित्रे. वर सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याशी मोट हाकणारा शेतकरी, घागर घेतलेली बाई, भाजीवाली, कधी एखादे वाघ-सिंहाचे जोडपेही.

वेल्सची आठवण इथे वेगळ्या कारणाने होते. 'फ्लोअर गेम्स'मध्ये त्याची मोठी तक्रार अशी आहे की दुकानदार सैनिक हवे तेवढे देतात, पण साधी नागरी माणसे मिळत नाहीत, आणि माणसांवाचून शहर कसे वसवायचे? आपल्या किल्ल्यावर ती माणसे पहिल्यापासून आहेत. मावळा आहे तो कोणाच्या तरी वस्तीवर पहारा करायला उभा आहे. समोर शत्रू मांडलेला नाही, फासा नाही, कोणी मरत नाही. शेवटच्या दिवशी सुतळी बाँब लावून किल्ला उडवणारी पोरे असतात, पण बहुधा आधी चित्रे उचलून घेतात आणि मगच वात पेटवतात. मग ती कागदात गुंडाळून माळ्यावर जातात. पुढच्या वर्षी ज्याचा रंग उडाला असेल त्याला घरीच नवा रंग मिळतो, ज्याचा भाला मोडला असेल त्याला काडेपेटीची काडी.

म्हणून आपण फार शहाणे, असे मात्र नाही. ही चित्रे मुळात रंगवतो कोण? कुंभारवाड्यातल्या बायका आणि मुले, पावसाळा सरला की दिवाळीपर्यंत, लंडनच्या त्या बायकांसारखीच नगाच्या हिशेबात. महाराजांच्या चेहऱ्याकडे आपण निरखून पाहतो, पण मावळा घेताना डझनाचा भाव विचारतो. मावळ्याचे डोळे जरा सरकले तर हसतो, आणि ते दिवसातल्या कितव्या मावळ्याचे डोळे होते हे विचारत नाही.

युद्धाचे खेळ मुलांना द्यावेत की नाही, हा वाद वेल्स आणि साकीच्या काळापासून चालू आहे आणि तो सुटेल असे दिसत नाही. मला तो प्रश्नच अपुरा वाटतो. खेळ कोणता आहे यापेक्षा त्यातल्या एका माणसासाठी आपण किती वेळ बसलो, हे विचारून पाहावे. राइसविट्झच्या ठोकळ्यासाठी कोणी बसले नाही. लंडनमधली बाई बसली, पण तिला वेळ नव्हता. शार्लट आणि तिच्या बहिणींनी वेळ दिला आणि बारा शिपायांतून पुस्तके उभी राहिली. टेबलाशी बसलेल्या बाप-लेकीला तो वेळ आज मिळतो आहे, निदान दहा गुणांचा हिशेब मनात येईपर्यंत. मुलीने शेवटचा काळा ठिपका दिला की ती सैनिक दिव्यापाशी धरते आणि विचारते, हा आता कोणाकडे बघतोय? या प्रश्नाची तरतूद कुठल्याही नियमपुस्तकात नाही.